वॉर्प ८ म्हणजे नक्की किती? काल्पनिक यानाचा वेग काढायची रीत

‘स्टार ट्रेक’ या अवकाशकथांच्या मालिकेतल्या ‘व्हॉयेजर’ यानाचा वेग किती, असं विचारलं तर त्या मालिकेतून आणि तिच्या आसपासच्या साहित्यातून तीन वेगवेगळी उत्तरं निघतात. पहिल्याप्रमाणे ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकल्या गेलेल्या या यानाला घरी पोचायला ७५ वर्षं लागतील, दुसऱ्याप्रमाणे ९ ते २३ वर्षं, आणि तिसऱ्याप्रमाणे जेमतेम सव्वातीन. तिन्ही उत्तरांना आधार आहे. एक आकडा कॅप्टनच्या तोंडचा आहे, एक निर्मात्यांनी छापलेल्या तक्त्यातून येतो, आणि एक यान चालवणाऱ्या पायलटने स्वतः सांगितलेला आहे. त्यामुळे दोन चाहते या विषयावर भांडायला लागले की दोघांकडे पुरावा असतो, दोघांचं गणित बरोबर असतं आणि रात्र सरली तरी कुणी मागे हटत नाही.

मला हे भांडण मनापासून आवडतं, पण ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतं. सगळे आकड्यावर भांडतात. वेग म्हणजे भागाकार. वर अंतर, खाली वेळ. ते अंतर कुठून आलं, ती वेळ कुणी सांगितली आणि त्या दोन्हींत किती सैलपणा आहे, हे आधी मांडलं तर निम्मे वाद जागीच मिटतात आणि उरलेले निम्मे खरोखर रंगतात. ती मांडणी कशी करायची, ते इथे पायरी-पायरीने सांगतो. उदाहरणं स्टार ट्रेकची घेतली आहेत, कारण १९६६ पासून आजवर त्यात अंतरं, वेळा आणि वॉर्पचे (त्या कथांमधलं, प्रकाशाहून जास्त वेगाचं माप) आकडे भरपूर बोलले गेले आहेत. शाळेतलं गणित पुरतं, आणि फोनमधला कॅलक्युलेटर.

पहिली पायरी: कुठला वेग, ते ठरवा

‘यान किती वेगाने जातं?’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात किमान तीन प्रश्न आहेत. यान क्षणभर गाठू शकतं तो कमाल वेग, तासन्‌तास टिकवू शकतं तो वेग, आणि सगळ्या प्रवासाचा हिशेब केल्यावर पडणारी सरासरी. डेक्कन क्वीनचा सपाटीवरचा वेग आणि मुंबई ते पुणे सरासरी वेग यांत जसा घाटामुळे फरक पडतो, तसाच हा.

‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेसाठी रिक स्टर्नबाक आणि मायकल ओकुडा यांनी लिहिलेली तांत्रिक पुस्तिका १९९१ मध्ये आली. तिच्यात त्या मालिकेतल्या ‘एंटरप्राइज-डी’ यानाचे हे तीन वेग वेगळे दिलेले आहेत: नेहमीचा प्रवास वॉर्प ६ ने, दीर्घकाळ टिकणारा वेग वॉर्प ९.२, आणि वॉर्प ९.६ फक्त १२ तास. प्रकाशाच्या पटीत हे आकडे अनुक्रमे ३९२, १६४९ आणि १९०९ येतात. पहिल्या आणि शेवटच्यात जवळजवळ पाचपट फरक आहे. एक चाहता वॉर्प ६ मनात धरून बोलतो, दुसरा ९.६ धरून, आणि दोघंही ‘एंटरप्राइजचा वेग’ असंच म्हणतात. म्हणून कागदावर पहिली ओळ लिहा: यान कोणतं, काळ कोणता, वेग कोणता.

काळ महत्त्वाचा आहे. ‘एंटरप्राइज’ नावाची यानं अनेक आहेत आणि त्यांच्यात दोनशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. एकाच्या प्रसंगावरून दुसऱ्याचा वेग काढायला गेलात तर पुढचं सगळं वाया जातं.

दुसरी पायरी: पुराव्याची उतरंड लावा

वाद सुरू होण्याआधी, दोन्ही बाजूंनी मिळून, कुठला पुरावा किती वजनाचा हे ठरवायचं. आकडे बघितल्यावर ठरवायला गेलात तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा पुरावा वर चढवतो. मी लावतो ती उतरंड अशी.

सर्वांत वर असा संवाद, ज्यात अंतर आणि वेळ दोन्ही आहेत. ‘इतकी प्रकाशवर्षं, इतक्या तासांत.’ यात आपल्या पदरचं काही घालावं लागत नाही. त्याखाली असा संवाद ज्यात दोनांपैकी एकच आहे आणि दुसरं खऱ्या खगोलशास्त्रातून घेता येतं. नेपच्यूनपर्यंतचं अंतर पटकथेवर अवलंबून नाही, ते आकाशात मोजलेलं आहे. त्याखाली निर्मात्यांनी छापलेले तक्ते आणि पुस्तिका. हे तक्ते नीटनेटके असतात, पण पटकथा लिहिणाऱ्याने तो तक्ता उघडून बघितला होता याची खात्री नसते. आणि सर्वांत खाली, पडद्यावर नुसतं दिसलेलं.

दिसलेलं इतकं खाली का? खिडकीबाहेर झरझर मागे पळणारे तारे घ्या. सूर्याच्या परिसरात ताऱ्यांमधलं अंतर साधारण ५ प्रकाशवर्षं धरलं आणि सेकंदाला एक तारा मागे पडतो असं मानलं, तर वेग प्रकाशाच्या जवळपास १५.८ कोटी पट होतो. त्या वेगाने अख्खी आकाशगंगा सहा तासांच्या आत ओलांडता येईल, मग ‘व्हॉयेजर’ची कथाच उरत नाही. ‘एंटरप्राइज-डी’ आपल्या सर्वोच्च वेगाने निघालं तरी एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचं ते ५ प्रकाशवर्षांचं अंतर कापायला त्याला २० तासांपेक्षा जास्त लागतील, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी बसलेल्या माणसाला बाहेर काहीही हललेलं दिसणार नाही. ती दृश्यं वेगाची जाणीव देण्यासाठी आहेत. ती मोजायला घेऊ नयेत.

कट झालेला वेळही इथेच येतो. २००९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात यान पृथ्वीवरून निघतं आणि काही मिनिटांत पडद्यावर व्हल्कन हा काल्पनिक ग्रह येतो. व्हल्कनचा सूर्य म्हणून ४० एरिडनी हा तारा धरतात. १९९१ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात छापलेल्या एका पत्रात काही खगोलशास्त्रज्ञांसोबत ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांनीही त्याला दुजोरा दिला होता. तो तारा सुमारे १६.३ प्रकाशवर्षांवर आहे. मध्ये एक तास गेला असेल तर वेग १.४३ लाख पट, एक दिवस गेला असेल तर सहा हजारांच्याही आत. दोन दृश्यांच्या मध्ये किती वेळ गेला हे चित्रपट सांगत नाही, म्हणून त्यातून निघणारा आकडा चोवीस पटींनी इकडे-तिकडे सरकतो. ‘पाच मिनिटांत पोचले’ हा युक्तिवाद कुणी केला तर विचारा: पाच मिनिटं पडद्यावरची की यानातली?

तिसरी पायरी: सगळं एका एककात आणा

मैल, किलोमीटर, पारसेक, प्रकाशवर्षं, वॉर्प, सगळं ‘प्रकाशाच्या किती पट’ या एकाच मापात आणायचं. त्यासाठी हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर.
एक प्रकाशवर्ष सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर.
एक पारसेक ३.२६ प्रकाशवर्षं.
पृथ्वी ते सूर्य १४.९६ कोटी किलोमीटर, प्रकाशाला ८.३ मिनिटं.
एका वर्षात ८,७६६ तास.

सगळ्यात मोठी सोय अशी की प्रकाश एका वर्षात एक प्रकाशवर्ष जातो, त्यामुळे प्रकाशवर्षांना वर्षांनी भागलं की थेट पट मिळते. किलोमीटरमध्ये जायची गरजच नाही. वेळ तासांत असेल तर प्रकाशवर्षांना ८,७६६ ने गुणा आणि तासांनी भागा. या दोन ओळींवर सत्तर-ऐंशी टक्के काम होतं.

पारसेकबद्दल सावध राहा. ते अंतराचं एकक आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये हान सोलो आपल्या यानाने केसल रन (त्या कथेतली एक अवकाशवाट) बारा पारसेकच्या आत केल्याचं सांगतो, आणि त्या वाक्यावरून वेग काढायचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. बारा पारसेक म्हणजे सुमारे ३९ प्रकाशवर्षं, बस. वेळ दिलेली नाही, म्हणून वेग निघत नाही. २०१८ च्या ‘सोलो’ चित्रपटाने ते आखूड वाटेचं कौशल्य होतं असं दाखवलं, तरीही वेळ मिळालेली नाहीच. असा पुरावा आला की त्याच्यासमोर ‘फक्त अंतर’ असं लिहून बाजूला ठेवा.

चौथी पायरी: वॉर्पची पट्टी ओळखा

इथे नवखे सर्वांत जास्त अडखळतात. वॉर्पच्या मुख्य पट्ट्या दोन आहेत आणि दोन्हींत आकड्यांची नावं सारखीच आहेत.

जुनी पट्टी मूळ, म्हणजे १९६६ च्या मालिकेच्या काळातली. वॉर्पच्या आकड्याचा घन करायचा, की प्रकाशाची पट मिळाली. वॉर्प २ म्हणजे ८ पट, वॉर्प ६ म्हणजे २१६, वॉर्प ८ म्हणजे ५१२. या पट्टीला वरची हद्द नाही. मूळ मालिकेत एकदा यान वॉर्प १४.१ पर्यंत जातं आणि ते या पट्टीत बसतं: सुमारे २,८०० पट.

नवी पट्टी १९८७ च्या ‘द नेक्स्ट जनरेशन’पासूनची. वॉर्प १० ही कधीच न गाठता येणारी हद्द असावी, तिथे वेग अनंत व्हावा, अशी रॉडनबेरींची इच्छा होती. त्याप्रमाणे ओकुडांनी पट्टी बांधली. वॉर्प ९ पर्यंत आकड्याचा १०/३ घात घ्यायचा, आणि ९ च्या पुढे वक्र एकदम वर चढतो. तो वरचा भाग ओकुडांनी सूत्राने काढलेला नाही, हाताने रेखाटलेला आहे. म्हणून ९.७३ किंवा ९.९७५ साठी कुणी तुम्हाला दशांश चिन्हापुढे तीन अंक असलेली पट सांगितली, तर ती त्या माणसाने स्वतः बसवलेल्या सूत्राची आहे, मालिकेची नाही. छापलेले टप्पे असे: वॉर्प ५ म्हणजे २१४ पट, ६ म्हणजे ३९२, ७ म्हणजे ६५६, ८ म्हणजे १,०२४, ९ म्हणजे १,५१६, ९.९ म्हणजे ३,०५३, आणि ९.९९ म्हणजे ७,९१२.

दोन पट्ट्यांचं गुणोत्तर त्या आकड्याच्या घनमुळाइतकं असतं. त्यामुळे वॉर्प १ ला दोन्ही पट्ट्या एकत्र असतात आणि वॉर्प ८ ला नवी पट्टी बरोबर दुप्पट दाखवते. समोरच्याचा आकडा तुमच्या आकड्याच्या साधारण दीड ते दोन पट असेल आणि प्रसंग एकच असेल, तर आधी पट्टी तपासा. बहुतेक वेळा भांडण तिथेच संपतं.

‘द नेक्स्ट जनरेशन’च्या १९९४ च्या शेवटच्या भागात, भविष्यकाळाच्या धाग्यात, वॉर्प १३ चा आदेश ऐकू येतो. नव्या पट्टीत तो अशक्य आहे. चाहते तिसरी, पुढच्या काळातली पट्टी गृहीत धरतात. ते पटण्यासारखं आहे, पण त्या पट्टीचे आकडे कुणाकडे नाहीत, म्हणून त्या प्रसंगातून वेग काढू नये.

पाचवी पायरी: एक आकडा काढू नका, किमान आणि कमाल काढा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि वगळली जाते तीही हीच. पात्रं बोलताना आकडे गोळाबेरीज करून बोलतात. ‘सहा मिनिटं’ म्हणजे साडेपाच असू शकतात, साडेसहाही. आपल्या उत्तरातही तेवढी ढील दिसली पाहिजे.

२००१ च्या ‘एंटरप्राइज’ मालिकेचा पहिला भाग घ्या. त्यातलं एनएक्स-०१ हे यान वॉर्प ४.५ ने जाऊ शकतं, आणि त्याबद्दल बोलताना नेपच्यूनला जाऊन परत यायला सहा मिनिटं, असं वाक्य येतं. पृथ्वी ते नेपच्यून अंतर दोन्ही ग्रहांच्या जागेनुसार सूर्य-पृथ्वी अंतराच्या २९ ते ३१ पट असतं. प्रकाशाला एका बाजूला २४१ ते २५८ मिनिटं, जाऊन-येऊन ४८२ ते ५१६ मिनिटं. आता सैलपणा दोन्हीकडे लावू. सर्वांत कमी वेग हवा असेल तर जवळचं अंतर आणि साडेसहा मिनिटं: ७४ पट. सर्वांत जास्त हवा असेल तर दूरचं अंतर आणि साडेपाच मिनिटं: ९४ पट.

आता पट्ट्या लावून बघा. जुन्या पट्टीत ४.५ चा घन ९१. ७४ ते ९४ च्या आत बसला. नव्या पट्टीत तोच वॉर्प १५० पट होतो, तो बाहेर राहिला. म्हणजे या एका साध्या वाक्याने दोन पट्ट्यांपैकी एक निवडून दिली, आणि कथेच्या काळाशीही ते जुळतं, कारण ही मालिका मूळ मालिकेच्या आधीच्या शतकात घडते. नुसतं ‘अंदाजे ८३ पट’ असं लिहिलं असतं तर ९१ हा आकडा चुकला की बरोबर आला हे सांगताच आलं नसतं. किमान-कमाल लिहिलं म्हणून निकाल लागला.

पण त्याच भागात दुसरा पुरावाही आहे. यानाला क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीच्या ग्रहापर्यंत जायचं असतं, आणि कॅप्टन आर्चर जायला चार दिवस, यायला चार दिवस असं सांगतो. सगळा प्रवास वॉर्प ४.५ नेच झाला असं धरलं तरी ९१ पट वेगाने चार दिवसांत यान एक प्रकाशवर्ष जाईल. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. तिथवर चार दिवसांत पोचायलाच ३८७ पट वेग लागेल, आणि क्लिंगॉन काही आपल्या शेजारच्या ताऱ्यावर राहत नाहीत. एकाच भागात एक वाक्य ९४ च्या वर जाऊ देत नाही आणि दुसरं ३८७ च्या खाली येऊ देत नाही.

दोन्ही लिहून ठेवा. एक खोडून दुसरं ठेवायचा मोह आवरा. कुठलं ठेवायचं ते पुढच्या पायऱ्यांत ठरेल.

सहावी पायरी: वाक्यातला प्रत्येक शब्द वाचा

सबटायटल लावून, तो प्रसंग पुन्हा बघून, वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. आठवणीतून लिहिलेलं वाक्य वापरू नका. का, ते दोन उदाहरणांनी सांगतो.

‘क्यू हू’ या १९८९ च्या भागात ‘एंटरप्राइज-डी’ ७,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं. यानावरचा यंत्रमानव अधिकारी डेटा सांगतो की कमाल वॉर्पने स्टारबेस १८५ या अवकाशातल्या ठाण्यापर्यंत पोचायला २ वर्षं, ७ महिने, ३ दिवस आणि १८ तास लागतील. बरेच जण ७,००० ला सुमारे २.५९ वर्षांनी भागतात आणि २,७०० पट असा आकडा आणतात. तो ‘एंटरप्राइज-डी’च्या १,९०९ या मर्यादेच्या खूप वर आहे, म्हणून पुस्तिका चुकली असा निष्कर्ष काढतात. पण वाक्य पुन्हा वाचा. ७,००० प्रकाशवर्षं हे यान फेकलं गेलं ते अंतर आहे. वेळ सांगितली आहे ती सर्वांत जवळच्या स्टारबेसपर्यंतची. दोन्ही ठिकाणं एकच आहेत असं कुणीच म्हटलेलं नाही. स्टारबेस सुमारे ४,९५० प्रकाशवर्षांवर असेल तर १,९०९ हा वेग तंतोतंत जुळतो. म्हणजे या प्रसंगातून वेगाचा पक्का आकडा निघत नाही. आणि १२ तासांच्या वर न टिकणारा वेग अडीच वर्षं कसा टिकवणार, हा प्रश्न राहतोच. डेटाने फक्त भागाकार केला असावा, प्रवासाचं नियोजन नव्हे, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण १९८७ च्या ‘व्हेअर नो वन हॅज गॉन बिफोर’ या भागाचं. यान एम-३३ या दीर्घिकेच्याही पलीकडे, २७ लाख प्रकाशवर्षांवर जातं आणि परतायला ३०० हून जास्त वर्षं लागतील असं म्हटलं जातं. ‘हून जास्त’ हे शब्द गाळले तर वेग ९,००० पट येतो. ते शब्द ठेवले तर ९,००० ही कमाल मर्यादा होते, खाली कितीही. कडक तर्काने १,९०९ सुद्धा त्यात बसतो. पण १,९०९ ने परतायला १,४०० वर्षं लागली असती, आणि चौदाशेला ‘तीनशेहून जास्त’ कुणी म्हणत नाही. म्हणून मी इथे कमाल मर्यादा ठामपणे लिहितो आणि किमान मर्यादा, समजा ६,७५० म्हणजे ४०० वर्षं, हलक्या पेन्सिलीने लिहितो. तर्काने सिद्ध झालेलं आणि बोलीवरून ताडलेलं यांतला फरक वहीत दिसला पाहिजे.

सातवी पायरी: एकटा पडलेला आकडा

मूळ मालिकेच्या १९६९ च्या ‘दॅट विच सर्व्हाइव्ज’ या भागात ‘एंटरप्राइज’ ९९०.७ प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं आणि वॉर्प ८.४ ने परत निघतं. सुकाणूवरची अधिकारी पोचायला साडेअकरा तास सांगते. यानाचा विज्ञान अधिकारी स्पॉक तिला दुरुस्त करतो: ११.३३७ तास. अंतर आहे, वेळ आहे, वॉर्पही आहे. याहून परिपूर्ण पुरावा मिळणार नाही. ९९०.७ गुणिले ८,७६६, भागिले ११.३३७. उत्तर सुमारे ७.६६ लाख पट.

वॉर्प ८.४ जुन्या पट्टीत ५९३ पट आहे. तफावत जवळजवळ १,३०० पटींची. ५९३ पटीने तोच प्रवास वीस महिन्यांचा झाला असता आणि ग्रहावर अडकलेले कॅप्टन कर्क आणि मंडळी कथेतून संपली असती.

मग उतरंडीत सर्वांत वर असलेला पुरावा मानायचा का? इथे मी दुसरी कसोटी लावतो: हा आकडा खरा असेल तर बाकीचं विश्व कसं दिसायला हवं? ७.६६ लाख पट वेगाने आकाशगंगेचं एक टोक ते दुसरं, म्हणजे सुमारे एक लाख प्रकाशवर्षं, सात आठवड्यांत होतात. मग सीमेवरची ठाणी, आठवडेच्या आठवडे चालणारे प्रवास, मदत वेळेत न पोचणं, ‘व्हॉयेजर’चं हरवणं, यांतलं काहीच टिकत नाही. एका बाजूला एक प्रसंग, दुसऱ्या बाजूला शेकडो भागांची घडण. एकटा पडलेला आकडा वहीत ठेवायचा, त्याच्याभोवती गोल करायचा, पण त्यावरून यानाचा वेग ठरवायचा नाही. स्पॉकचे तीन दशांश अंक हे काटेकोरपणाचे आहेत. ते पुरावा जास्त पक्का करत नाहीत.

हीच कसोटी एनएक्स-०१ च्या चार दिवसांना लावा. ३८७ पट वेग असता तर त्याच मालिकेतलं नेपच्यूनचं वाक्य सव्वा मिनिटाचं झालं असतं. मी नेपच्यून ठेवतो, कारण ते अंतर मोजलेलं आहे आणि सूत्राशी जुळतं. चार दिवसांच्या बाजूने बोलणाराही चुकीचा नाही, कारण अख्खं कथानक त्या चार दिवसांवर उभं आहे. कुणी काय राखलं आणि कशासाठी, एवढं कळलं की तो वाद सभ्यपणे चालू राहतो.

आठवी पायरी: स्पष्टीकरणांची परीक्षा घ्या

आता ‘व्हॉयेजर’कडे येऊ. १९९५ च्या पहिल्या भागात यान ७०,००० प्रकाशवर्षं दूर पडतं आणि कॅप्टन जेनवे सांगते की कमाल वेगाने गेलं तरी ७५ वर्षं लागतील. ७०,००० भागिले ७५ म्हणजे ९३३ पट, नव्या पट्टीत साधारण वॉर्प ७.८. पण त्याच भागात या यानाचा वेग वॉर्प ९.९७५ असल्याचं सांगितलं आहे. तो आकडा ९.९ आणि ९.९९ यांच्या मधला, म्हणजे ३,०५३ ते ७,९१२ पट, आणि घरी पोचायला ९ ते २३ वर्षं. वर ‘द थर्टी-सेव्हन्स’ या भागात यानाचा पायलट टॉम पॅरिस वॉर्प ९.९ म्हणजे सेकंदाला सुमारे चार अब्ज मैल असं सांगतो. भागाकार केला की २१,५०० पट येते, तक्त्याच्या सातपट, आणि घर सव्वातीन वर्षांवर येतं.

चाहत्यांनी यावर बरीच स्पष्टीकरणं दिली आहेत. त्यांतलं चांगलं कुठलं, हे ओळखायची माझी एक फूटपट्टी आहे: स्पष्टीकरणाने दुसऱ्या एखाद्या प्रसंगाबद्दल तपासता येईल असं काही सांगायला हवं.

‘७५ वर्षं ही सरासरी आहे, कमाल वेग टिकत नाही, इंजिनाला विसावा लागतो, इंधन शोधायला थांबावं लागतं.’ हे चांगलं आहे. यातून लगेच तपासता येईल असं काही निघतं: यान थोडा वेळ वेगाने आणि बराच वेळ सावकाश जाताना दिसायला हवं, आणि ते इंधनासाठी थांबताना दिसायला हवं. मालिकेत ते वारंवार दिसतं. ९३३ हा आकडा ‘एंटरप्राइज-डी’च्या ३९२ आणि १,६४९ या दोन टिकाऊ वेगांच्या मध्ये येतो, हेही त्याला पोषक आहे.

‘अवकाशात काही जागी वॉर्पचा वेग आपोआप वाढतो, जणू वेगवान पट्टे आहेत.’ ही कल्पना जुनी आणि लोकप्रिय आहे. ७.६६ लाखांचा उलगडा त्याने होऊ शकतो. पण ती कुठल्याही आकड्याचा उलगडा करू शकते. जे स्पष्टीकरण सगळंच सामावून घेतं ते पुढच्या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून मी त्याला कमी गुण देतो.

‘पॅरिसने चुकीचं सांगितलं.’ कठोर वाटतं, पण प्रसंग बघा. तो १९३७ मधून आलेल्या माणसांना समजेल अशा भाषेत बोलतोय, ऐकणाऱ्याला विमानाचे वेग माहीत आहेत, वॉर्प नाही. मोठा, गोल आकडा तोंडून निघणं साहजिक आहे. मी पॅरिसचं वाक्य ‘गोळाबेरीज, श्रोता नवखा’ असा शेरा मारून खालच्या पायरीवर ठेवतो.

आणि चाहत्यांमध्ये ‘स्पीड ऑफ प्लॉट’ म्हणतात ते स्पष्टीकरण: कथेला यान जेव्हा पोचायला हवं तेव्हा ते पोचतं. ते खरं आहे. लेखक तक्त्यासाठी लिहीत नाहीत, प्रसंगासाठी लिहितात. पण हे वाक्य वादाच्या सुरुवातीला फेकलं तर ते फक्त समोरच्याचं तोंड बंद करतं. सगळे आकडे मांडून झाल्यावर, कुठला आकडा कथेच्या कुठल्या गरजेतून आला हे दाखवायला ते वापरा. ‘व्हॉयेजर’ला ७५ वर्षं हवी होती, कारण माणसाच्या आयुष्याएवढा वनवास हवा होता. ‘एंटरप्राइज’ला साडेअकरा तास हवे होते, कारण ग्रहावरची माणसं जिवंत राहायला हवी होती.

नववी पायरी: मांडणी

स्प्रेडशीट उघडा आणि एका प्रसंगाला एक ओळ द्या. रकाने असे: मालिका आणि भागाचं नाव, यान, वाक्य जसंच्या तसं, अंतर आणि ते कुठून आलं, वेळ आणि ती कुठून आली, सांगितलेला वॉर्प, किमान पट, कमाल पट, उतरंडीतली जागा, शेरा. ‘कुठून आलं’ हे दोन रकाने कधी गाळू नका. सगळी शिस्त त्यांच्यात आहे.

ताऱ्यांची खरी अंतरं घेताना त्यांचाही सैलपणा लिहा. नरतुरंगातला मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी, ४.३७ प्रकाशवर्षांवर आहे, तो आकडा भक्कम. पण हंस तारकासमूहातल्या डेनेबच्या अंतराचे अंदाज सुमारे दीड हजारापासून अडीच हजारांहून अधिक प्रकाशवर्षांपर्यंत पसरले आहेत. ‘द नेक्स्ट जनरेशन’चा पहिला भाग डेनेबच्या ग्रहावर घडतो. त्यावरून वेग काढाल तर उत्तरात ताऱ्याच्या अंतराची ढील आपोआप येते.

वाद घालताना आधी समोरच्याची ओळ त्याच रकान्यांत भरून दाखवा आणि ‘तुमचं म्हणणं असंच ना?’ असं विचारा. तो हो म्हणाला की मगच आपली ओळ मांडा. अंतर मान्य, वेळ मान्य, पट्टी मान्य, आणि तरीही निष्कर्ष वेगळा, असं झालं तर खरा मतभेद सापडला. बहुतेक वेळा तो एकाच रकान्यात असतो.

सरावासाठी एक प्रसंग

१९७९ च्या ‘स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर’मध्ये यान पृथ्वीवरून ‘वॉर्प पॉइंट फाइव्ह’च्या आदेशाने निघतं. गुरू मागे पडतो, आणि कॅप्टनच्या नोंदीत निघून १.८ तास झाल्याचं ऐकू येतं. प्रश्न असा: वॉर्प ०.५ म्हणजे किती?

पृथ्वी ते गुरू अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ४.२ ते ६.२ पट असतं. प्रकाशाला ३५ ते ५२ मिनिटं. १.८ तास म्हणजे १०८ मिनिटं. जुन्या पट्टीत ०.५ चा घन ०.१२५, म्हणजे गुरूपर्यंतच ४ तास ४० मिनिटं ते जवळजवळ ७ तास लागायला हवेत. ते बसत नाही. नवी पट्टी याहून सावकाश, ती तर बसतच नाही. ‘वॉर्प ०.५ म्हणजे प्रकाशाच्या निम्मा वेग’ असं साधं वाचलं तर ७० ते १०४ मिनिटं येतात. गुरू जवळ असेल तर बराच वेळ शिल्लक राहतो, दूर असेल तर १०८ ला अगदी खेटून जातो. आता वहीत ही ओळ भरा, आणि शेऱ्यात लिहा की यानाला वेग घ्यायला किती वेळ लागला ते चित्रपटात मोजता येतं का. तो भाग पुन्हा बघावा लागेल.